एन्डोस्कोपी नॉर्मल आली, मग पोट भरलेलंच का वाटतं?

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून इथे देते.

"नमस्कार ताई. मी इंदिरानगरला राहते, वय ४७, शाळेत शिकवते. शुगर ११ वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. वजन ८४ वरून ७६ वर आलं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.७ होतं ते ६.९ झालं, मी खूप खूश होते. पण दोन महिन्यांपूर्वी डोस ०.५ वरून १ मिलिग्रॅम केला आणि तेव्हापासून दुपारचं जेवण रात्रीपर्यंत तसंच बसून आहे असं वाटतं. मळमळ होते, ढेकरेला दुपारच्या भाजीचा वास येतो. पूर्वी रविवारी दोन पाव मिसळ आरामात संपवायचे, आता अर्ध्या पावात हात धुते. शौचाला पण कडक होतंय. एन्डोस्कोपी केली, डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात मनाचे खेळ आहेत, मिस्टर तर म्हणतात गुगलवर साइड इफेक्ट वाचलेस म्हणून होतंय. मेडिकलवाल्याने गॅसची कॅप्सूल दिली, पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइडची, ती दोन महिने रोज घेतेय. माझा प्रश्न असा की औषधाने पोट स्लो होतं हे कुणी माणसांमधे खरंच मोजलंय का, की नुसतं पेशंटना विचारून लिहून टाकतात? आणि माझं मोजता येईल का? रिपोर्टचा फोटो जोडलाय. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, त्याआधी हे मिटावं एवढीच इच्छा."

ताई, नमस्कार.

तुम्ही मोजमापाबद्दल विचारलंय आणि त्यावर मी भरपूर बोलणार आहे, पण सुरुवात तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून करते कारण ती तुम्ही जाता जाता लिहिलीय आणि मला ती वाचून काळजी वाटली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही हे इंजेक्शन घेताय हे सांगितलंय का? नसेल तर उद्याच फोन करा, ऑपरेशनच्या दिवशी फॉर्म भरताना नाही, आत्ताच. भूल द्यायच्या आधी हलकं जेवण सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद ठेवायला सांगतात ते एवढ्यासाठीच की भुलीत घशाची राखण करणारे स्नायू ढिले पडतात आणि पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे सहा तासांचं गणित ज्याचं पोट नेहमीच्या वेगाने रिकामं होतं त्याच्यासाठी आहे. तुमचं तसं होत नसेल तर सहा तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं.

आणि ते असतं याचा पुरावा तुम्हीच मला पाठवलाय. रिपोर्टच्या फोटोत सगळ्यात खाली, इम्प्रेशनच्या वर, एक छोटी ओळ आहे, जठरात थोडं घन अन्न शिल्लक दिसलं अशी. तुम्ही त्या दिवशी रात्रीपासून उपाशी होतात ना? मग रात्रीचं अन्न सकाळी तिथे काय करत होतं? डॉक्टर नॉर्मल म्हणाले ते चूक नाही, अल्सर नाही, गाठ नाही, सूज नाही, अस्तर छान आहे, पण एन्डोस्कोपी भिंत बघते, चाल बघत नाही. बंद पडलेल्या बसचा फोटो काढला तर ती बस फोटोत एकदम धडधाकट दिसते. ती एक ओळ पेनाने अधोरेखित करा आणि घरात दाखवा, मनाच्या खेळाने जठरात भात उरत नाही.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मधे सुचवलं होतं की आठवड्याचं इंजेक्शन असेल तर ऑपरेशनच्या आधी एक आठवडा थांबवावं. मग २०२४ मधे बऱ्याच संघटनांनी मिळून जरा वेगळं सांगितलं, की सगळ्यांनी सरसकट थांबवायची गरज नाही, पण ज्यांचा डोस अजून वाढवत नेला जातोय किंवा ज्यांना पोटाच्या तक्रारी आहेत त्यांना जास्त धोका धरा, आदल्या २४ तासांत फक्त पातळ पदार्थ द्या, आणि शंका असेल तर त्या दिवशी सोनोग्राफीने जठर बघा. तुमचा डोस अलीकडेच वाढलाय आणि तक्रारी तर आहेतच, म्हणजे दोन्ही गोष्टी तुम्हाला लागू होतात. इंजेक्शन थांबवायचं की नाही हे तुमचे शुगरचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचंय, तुम्ही मनाने एखादा डोस गाळू नका, कारण हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा घेतं, आदल्या दिवशीचा डोस चुकवून पोट काही मोकळं होत नाही, वर शुगर चढली तर ऑपरेशन पुढे ढकलतील.

आता तुमचा खरा प्रश्न. मी २६ वर्षं फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवलं, आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचे पेपर तपासले, आणि औषधाचे परिणाम विचारले की मुलं मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ असं एका दमात लिहून मोकळी व्हायची. हे कळलं कसं असं विचारलं की वर्ग गप्प. तुम्ही तोच प्रश्न विचारलात म्हणून तुमच्या पत्राचं मला फार कौतुक वाटलं.

माणसाचं पोट मोजायची सुरुवात एका अपघाताने झाली. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली, तो वाचला पण पोटाला बाहेरून जठरापर्यंत जाणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट नावाचा लष्करी डॉक्टर रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचा, किती विरघळलं. १८३३ ला त्याने त्यावर पुस्तक छापलं. त्या गरीब माणसाला नोकर म्हणून ठेवून वर्षानुवर्षं हे प्रयोग केले, ते वाचताना मला आजही वाईट वाटतं. पण जठरात काय किती वेळ टिकतं हे घड्याळ लावून बघायची सवय तिथून लागली.

आज भोक लागत नाही. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे गॅस्ट्रिक एम्प्टिंग सिंटिग्राफी. नाव मोठं आहे पण काम सोपं आहे. पेशंटला रात्रभर उपाशी ठेवून एक ठरलेला नाश्ता देतात, अंड्याचा पांढरा भाग, दोन ब्रेडच्या स्लाइस, जॅम आणि पाणी, सगळं मिळून साधारण २५५ कॅलरी. अंड्यात टेक्निशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा मिसळलेला असतो, तो दर सहा तासांनी निम्मा होतो म्हणजे लवकर संपतो. मग गामा कॅमेऱ्यासमोर उभं करून खाल्ल्याबरोबर, एक तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी फोटो काढतात आणि पोटातून किती चमक अजून येतेय ते मोजतात. चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरात असेल तर पोट स्लो आहे असं धरतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी शाकाहारी नाश्ता वापरूनही हे करता येतं, पण मग त्या नाश्त्याचे नॉर्मल आकडे वेगळे ठरवावे लागतात. कारण जेवण बदललं की वेग बदलतो, तेल-तूप जठराला थांबवतं, म्हणून तर्रीवाली मिसळ आणि फोडणीचे पोहे यांची तुलनाच होत नाही, सगळ्यांना एकच जेवण द्यावं लागतं.

दुसरी पद्धत मला शिकवायला फार आवडायची कारण ती घरातल्या गोळीवर चालते. पॅरासिटामॉल जठरातून जवळजवळ शोषलंच जात नाही, ते पुढे लहान आतड्यात गेलं की पटकन रक्तात येतं. म्हणून जेवणाबरोबर पॅरासिटामॉल द्यायचं, थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं, आणि रक्तात ते उशिरा दिसलं तर समजायचं की जठराने दार उशिरा उघडलं. स्वस्त, कॅमेरा नको, किरण नको, म्हणून नवीन औषधांच्या चाचण्यांमधे ही पद्धत बरीच वापरली जाते.

आणि इथेच तुमच्या इंजेक्शनची गोष्ट येते, ही नीट वाचा.

सेमाग्लुटाइडचा वजनासाठीचा मोठा डोस, २.४ मिलिग्रॅम, २० आठवडे दिल्यावर पॅरासिटामॉलने तपासलं तेव्हा पोट रिकामं व्हायला फारसा उशीर दिसलाच नाही. त्यावरून बरेच जण म्हणायला लागले की आठवड्याच्या इंजेक्शनचा पोटावरचा ब्रेक काही दिवसांत सुटतो, सवय होते. मग २०२३ मधे स्लोव्हेनियातल्या डॉक्टरांनी पीसीओएस आणि लठ्ठपणा असलेल्या २० बायकांवर सिंटिग्राफी केली, घन जेवण देऊन, गामा कॅमेऱ्याने. चार तासांनी ज्यांना औषध नव्हतं त्यांची पोटं रिकामी होती आणि सेमाग्लुटाइडवाल्यांच्या पोटात ३७ टक्के जेवण अजून शिल्लक होतं. निम्मं जेवण पुढे सरकायला एका गटाला ११८ मिनिटं लागली, दुसऱ्याला १७१.

आता औषध तेच असून दोन उत्तरं कशी? मला वाटतं यात पद्धतीचा मोठा वाटा आहे. पॅरासिटामॉल विरघळतं आणि द्रवाबरोबर पुढे जातं, त्यामुळे ते मुख्यतः द्रव कधी सरकला तेवढंच सांगतं. पोळी, भाजी, अंडं यांना जठराने आधी बारीक दळावं लागतं, एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की मगच पुढचं दार त्यांना सोडतं, आणि त्या दळणाला उशीर झाला तर पॅरासिटामॉलला पत्ताही लागत नाही. दोन्ही अभ्यासांत डोस वेगळे, माणसं वेगळी, आणि २० बायकांचा अभ्यास लहानच म्हणायचा, हे मान्य आहे. पण एखाद्याने "मोजलं, काही फरक नाही" असं सांगितलं की आधी विचारायचं, काय खायला घालून मोजलं आणि कशाने मोजलं. तुमच्या ढेकरेला दुपारच्या भाजीचा वास येतो, चहाचा येत नाही, बरोबर ना? तुम्ही न शिकता तेच सांगताय जे गामा कॅमेऱ्याने सांगितलं.

पेशंटना नुसतं विचारतात का, याचं उत्तर असं की विचारतातच, आणि विचारायलाच हवं, पण काही लोकांना औषध नसलेलं खोटं इंजेक्शन देऊन विचारतात आणि कुणाला काय दिलंय ते ना पेशंटला माहीत असतं ना विचारणाऱ्याला. याच औषधाची १९६१ लोकांवरची, ६८ आठवड्यांची मोठी चाचणी २०२१ मधे छापून आली. त्यात औषध घेणाऱ्या १०० पैकी ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली, आणि खोटं इंजेक्शन घेणाऱ्या १०० पैकी १७ जणांनाही झाली. बद्धकोष्ठ २३ विरुद्ध साधारण ९.५. तुमच्या मिस्टरांनी हा १७ चा आकडा बघितला तर म्हणतील बघ, नुसत्या पाण्याने पण मळमळतं. खरंय, मळमळ इतर कारणांनीही होते, भीतीनेही होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण १७ आणि ४४ यात जो २७ चा फरक आहे तो मनाचा नाही, तो औषधाचा आहे, आणि तो फरक काढता यावा म्हणूनच त्या दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही सांगितली पाहिजे. पोटाचा वेग आणि पोटाची तक्रार या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच असं नाही. काहींचं पोट तपासणीत भयंकर स्लो निघतं आणि त्यांना काही जाणवत नाही, काहींचा वेग नॉर्मल असून दोन घासांत पोट तट्ट होतं कारण जठराची भिंत नीट सैल होत नाही किंवा नसा जास्त हळव्या असतात. शिवाय तुमची शुगर ११ वर्षांची आहे, शुगरने जठराला चालवणारी नस दमते आणि औषध नसतानाही पोट स्लो होऊ शकतं, त्या दिवशी शुगर चढलेली असेल तर अजूनच. पण तुमचं सगळं डोस वाढल्यानंतर सुरू झालं, त्याआधी १० वर्षं मिसळ पचत होती, म्हणून माझा संशय आधी औषधावर आहे.

मग तुमची सिंटिग्राफी करायची का? माझं प्रामाणिक मत, आत्ता नको. औषध चालू असताना केली तर बहुतेक स्लोच येईल, ते आपल्याला रिपोर्टमधल्या त्या ओळीने फुकटात सांगितलंय, आणि त्याने उपचार काही बदलणार नाही. शिवाय तुमच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड पोटाला ढकलतं, त्यामुळे आकडा गोंधळेल, ही तपासणी करायची तर अशी औषधं दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागतात. डोस कमी करून किंवा थांबवून बरेच आठवडे झाले तरी त्रास तसाच राहिला तर मात्र ती नक्की करावी, म्हणजे शुगरने नस गेलीय का ते कळेल. गामा कॅमेरा न्यूक्लिअर मेडिसिन विभागात असतो, तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना विचारा नाशिकमधे ही तपासणी कुठे होते, नाहीतर मुंबई आहेच.

तुम्ही आजपासून करायची तपासणी वेगळी आहे आणि तिला वही लागते. हसू नका, वही हे खरं साधन आहे. पोट स्लो असलेल्या पेशंटवर औषधांच्या चाचण्या होतात त्यात लोकांना रोज रात्री मळमळ, लवकर पोट भरणं, जेवणानंतर जडपणा, वरच्या पोटात दुखणं यांना शून्यापासून वर आकडे द्यायला सांगतात, आणि रोजच्या रोज लिहायला लावतात कारण दोन आठवड्यांनी एकदम विचारलं की माणसाला फक्त सगळ्यात वाईट दिवस आणि कालचा दिवस आठवतो. तुम्ही पण तसंच करा, इंजेक्शन कोणत्या वारी घेतलं ते लाल पेनाने, आणि रोज रात्री या चार त्रासांना ० ते ४. इंजेक्शननंतर १ ते ३ दिवसांत औषध रक्तात सगळ्यात जास्त असतं, तेव्हा आकडे चढून नंतर उतरतात का ते बघा. काय खाल्लं तेही एका शब्दात, भाकरी, खिचडी, मिसळ, समारंभातलं जेवण. तीन आठवडे लिहिलंत तर डॉक्टरांसमोर "खूप त्रास होतो" म्हणायची वेळ येणार नाही, तुम्ही वही पुढे सरकवाल.

शौचाचंही लिहा, आणि इथे किती वेळा पेक्षा कसं ते महत्त्वाचं. ब्रिस्टलचा एक तक्ता आहे, सात प्रकारांचा, पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, चौथा मऊ लांबट आणि सातवा नुसतं पाणी. १९९७ मधे दोन संशोधकांनी हा तक्ता खरा आहे का ते फार सुंदर रीतीने तपासलं. ६६ लोकांना क्ष-किरणात दिसणारे बारीक मणी गिळायला देऊन अन्नाला तोंडापासून शेवटपर्यंत किती वेळ लागतो ते मोजलं, मग सोनामुखीने आतडं जोरात चालवलं, लोपेरामाइडने थांबवलं, आणि परत मोजलं. वेग बदलला तसा शौचाचा प्रकारही बदलला, पण दिवसातून किती वेळा जातो यावरून वेगाचा अंदाज तितकासा येत नव्हता. म्हणून "मी रोज जाते, मग बद्धकोष्ठ कसं" असं जे आपण म्हणतो त्यात फार अर्थ नाही, रोज जाऊन पहिला किंवा दुसरा प्रकार असेल तर आतडं स्लो आहे.

हे मी इतकं पोटतिडकीने सांगते त्याला कारण आहे. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांना ट्रॅमाडॉल चालू होतं, अफूच्या कुळातली वेदनाशामक गोळी, ती आतड्याला जवळजवळ झोपवते. दहा दिवस त्या म्हणत होत्या पोट फुगलंय, आणि जो तो म्हणायचा वय झालंय, पडून आहेत, होणारच. मी, औषधांची शिक्षिका, मी पण तेच म्हणले. कुणीच लिहून ठेवलं नव्हतं की शेवटचं कधी झालं. बाराव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि रात्री ॲडमिट करावं लागलं. बऱ्या झाल्या, पण त्यांचा तो चेहरा मला विसरता येत नाही, दुखण्यापेक्षा कुणी खरं मानत नाही याचा त्रास त्यात जास्त दिसत होता. तुमच्या पत्रात मला तोच चेहरा दिसला.

आता त्या गॅसच्या कॅप्सूलबद्दल, इथे मी जरा रागावणार आहे, तुमच्यावर नाही, ती गोळ्यांची पानं चिठ्ठीशिवाय हातात देण्याच्या पद्धतीवर. त्यात दोन औषधं आहेत. पॅन्टोप्राझोल ॲसिड कमी करतं, त्याचं मोजमाप नाकातून जठरात बारीक तार सोडून २४ तास पीएच मोजून केलेलं असतं, पण ॲसिड कमी झाल्याने पोट लवकर रिकामं होत नाही, म्हणजे तुमच्या तक्रारीवर ते औषधच नव्हे. आणि ते उगाच घेतलं तर सोडताना त्रास होतो. २००९ मधे डेन्मार्कमधे १२० धडधाकट लोकांना, ज्यांना ॲसिडिटी नव्हतीच अशांना, त्यातल्या निम्म्यांना याच जातीचं औषध आठ आठवडे देऊन बंद केलं. बंद केल्यावर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, ॲसिडिटी झाली, आणि सुरुवातीपासून खोटी गोळी घेणाऱ्यांत फक्त १५ टक्के. म्हणजे औषधानेच तात्पुरती ॲसिडिटी तयार केली. मग माणूस म्हणतो बघा, गोळी सोडली की त्रास होतो, मला गोळी लागतेच. हे चक्र असंच चालू राहतं. तुम्ही सोडाल तेव्हा डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा, दोन-तीन आठवडे थोडी जळजळ झाली तर घाबरू नका.

दुसरं लेव्होसल्पिराइड. ते पोटाला पुढे ढकलतं हे खरं, पण ते मेंदूतल्या डोपामिन नावाच्या निरोप देणाऱ्या रसायनालाही अडवतं. जास्त दिवस घेतल्यावर हात थरथरणं, चाल जड होणं, चेहरा ताठ होणं असं पार्किन्सनसारखं दिसू शकतं, प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून पाळी बिघडू शकते, आणि ४७ व्या वर्षी पाळी बिघडली की सगळे म्हणतात वय झालं, औषधाकडे कुणी बघत नाही. दोन महिने रोज हे फार झालं. एका बाजूने इंजेक्शन ब्रेक दाबतंय आणि दुसऱ्या बाजूने ही कॅप्सूल ॲक्सिलरेटर, आणि मधे तुमचं पोट. शुगरच्या डॉक्टरांना तुम्ही ही घेता हे बहुतेक माहीतही नसेल. पुढच्या भेटीत ते रिकामं पाकीट घेऊन जा.

डॉक्टरांना काय विचारायचं तर साधं विचारा, की एचबीए१सी ६.९ आलंय, वजन उतरतंय, तर डोस परत ०.५ वर आणून चालेल का, किंवा वाढवायचा असेल तर अजून सावकाश वाढवता येईल का. डोस वाढवल्यावर त्रास सगळ्यात जास्त असतो आणि बऱ्याच जणांचा पुढे कमी होतो हे खरंय, पण दोन महिने झाले तरी उतरत नसेल तर डॉक्टर डोसचा विचार करतात, त्यात तुमचा हट्टीपणा नाही. मेटफॉर्मिनचंही विचारा, तेही पोटाला त्रास देतं, साधी गोळी असेल तर हळूहळू सुटणारी एसआर गोळी जेवणाबरोबर घेऊन बघता येते. तोपर्यंत जेवण लहान करा, दिवसातून चार-पाच वेळा, तळलेलं आणि तर्री काही दिवस बाजूला, घट्टपेक्षा पातळ, वरण, मऊ खिचडी, ताक, कारण तुमच्या पोटाचा द्रवाशी फारसा तंटा नाही, घनाशी आहे. जेवून लगेच आडवं होऊ नका, पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहा, नाहीतर शौचाचं अजून कडक होईल. मिसळ सुटली म्हणून मनाला लावून घेऊ नका, डोस जुळला की ती परत खाता येईल, कदाचित एका पावाबरोबर.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून थांबायच्या नाहीत. वरच्या पोटात जोराचं दुखणं पाठीकडे जात असेल आणि थांबत नसेल, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, शौचाला डांबरासारखं काळं झालं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. या औषधाबरोबर स्वादुपिंडाला सूज आणि पित्ताचे खडे हे क्वचित पण खरे त्रास आहेत.

आणि अजून एक काम, पाच मिनिटांचं. तुमचा त्रास सरकारदरबारी नोंदवा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून आपल्या देशाचा औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा कार्यक्रम चालतो, त्यांचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात औषधाचं नाव, डोस कधी वाढवला, त्रास कधी सुरू झाला, बरोबर कोणती औषधं चालू होती एवढंच लिहायचंय, आणि रिपोर्टमधली ती ओळ. चाचणीतल्या १९६१ लोकांमधे इंदिरानगरची, मिसळ खाणारी, ११ वर्षं शुगर असलेली आणि मेडिकलवरची कॅप्सूल चालू असलेली बाई असणं शक्यच नव्हतं, शुगर असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, तुमची माहिती तिथे पोचली तरच ती मोजली जाईल.

भूलतज्ज्ञांना फोन केलात की मला कळवा, बाकी वहीचं सावकाश झालं तरी चालेल.